पास झालेली कोळंबी

वैभवीच्या हातातली वाटी मी हिसकावून घेतली तेव्हा तिने घास बोटांत धरलेला होता. मी तोही झटकला. मग सगळ्या बायकांच्या समोरून स्वयंपाकघरात गेले, वाटीतली कोळंबीची किसमूर बिनमध्ये पालथी केली आणि ओट्यावरच्या काचेच्या भांड्यात उरलेलीही वरून ओतली. हे सगळं मी केलं असं नंतर मला अनेकांनी सांगितलं. मला स्वतःला आठवतं ते एवढंच, की हाताला ओल्या नारळाचा आणि लिंबाचा वास होता, आणि बाहेर बायकांचं गाणं मधल्याच ओळीवर थांबलं होतं. माझ्या धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं ते. सातवा महिना, हिरवी साडी, दंडाला फुलांची वाडी. आणि ती ब्रिस्टलमधल्या भाड्याच्या घराच्या दिवाणखान्यात, आयकियाच्या खुर्चीला गजरे गुंडाळून केलेल्या झोपाळ्यावर रिकामा हात तसाच धरून बसली होती. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “सुप्रभा, पोटुशीच्या तोंडचा घास काढलास?” एवढंच म्हणाल्या आणि माझ्या हातातली वाटी घेऊन नळाखाली धरली. त्यांच्या मागे दोनतीन चेहरे होते. त्या चेहऱ्यांवर राग नव्हता, समजूत होती. लग्नाला इतकी वर्षं होऊन हिला मूल नाही, त्यामुळे हिचं असं होणारच, अशी ती समजूत. त्या समजूतदार चेहऱ्यांना पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, “आई, ही कोळंबी आमच्या फॅक्टरीतली आहे. ह्याच बॅचबद्दल मला शंका आहे.” तेव्हा माझा दीर, जयंत, अगदी हसून म्हणाला, “वहिनी, अहो म्हणून तर मुद्दाम तीच आणली! म्हटलं आपल्या माणसानं टेस्ट केलेली आहे.”

आपल्या माणसानं टेस्ट केलेली. पाकिटाच्या कडेला आमच्या कारखान्याचा नंबर असतो; पाकिटावर दुकानाचं नाव असलं तरी माल कुठला ते त्यावरून कळतं, हे मीच कधीतरी त्याला कौतुकाने दाखवलं होतं. गाणी चालू असताना पाणी प्यायला आत गेले तेव्हा ओट्यावर तीच रिकामी पाकिटं पडलेली दिसली, आणि नंबराशेजारी आदल्या मंगळवारची बॅच. वैभवी वेंगुर्ल्याची. तिच्या माहेरी किसमूर करतात ती सुकटीची, तव्यावर खरपूस भाजलेल्या सुक्या कोळंबीची; मग ती चुरून कांदा, मिरची, ओलं खोबरं. तिला डोहाळे लागले ते नेमके ह्याचेच. पण इथे सुकट भाजली की आधी स्मोक अलार्म बोंबलतो आणि मग घरमालक येतो. मागच्या खेपेला त्या बिचाऱ्याने वास कुठून येतो म्हणून अख्खी ड्रेन तपासून घेतली होती. म्हणून तोडगा निघाला. सुकटीऐवजी पाकिटातली शिजवलेली, सोललेली, थंडगार कोळंबी घ्यायची आणि तशीच खोबऱ्यात कालवायची. ‘पुन्हा गरम केली तर चिवट होते गं,’ असं सासूबाईंनीच आल्या आल्या मला सांगितलं होतं. बरोबरच होतं ते, चिवट होते. फक्त वेंगुर्ल्याच्या किसमुरीत जो तवा होता, जो सगळ्या जंतूंचा निकाल लावायचा, तेवढाच नेमका इथल्या किसमुरीतून गळून पडला होता. लिस्टेरिया नावाचा हा जंतू फ्रिजच्या थंडीत मरत नाही, सावकाश वाढतो. धडधाकट माणसाला तो बहुधा काही करत नाही. गरोदर बाईला थोडा ताप आणतो, आणि तिच्या पोटातल्या मुलाला मारू शकतो. हे मी त्या दिवाणखान्यात उभी राहून, नारळाचा वास येणाऱ्या हातांनी, मराठीत सांगितलं. कुणीतरी म्हणालं, “अगं पण असं अशुभ बोलू नये आज.”

कार्डिफला परत येताना गाडी माधव चालवत होता. सेव्हर्न नदीच्या पुलावर वारा गाडीला बाजूने ढकलत होता आणि खालचं पाणी मातकट, ओहोटीचं, गाळ उघडा पडलेला. माझा नवरा कार्डिफच्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधली खोट काढतो आणि खोट निघाली की त्याची पाठ थोपटली जाते. “मला एकच सांग,” पूल संपल्यावर तो म्हणाला, “टेस्टचा रिझल्ट काय होता? ऑफिशियल?” “निगेटिव्ह.” “मग?” त्या ‘मग’मध्ये सगळं आलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आता ह्याला कुठून सुरुवात करून सांगायचं, असा नुसता थकवा आला. म्हणाले, “रॅपिड टेस्ट निगेटिव्ह होती, माधव. प्लेटवर काहीतरी उगवलंय.” “काहीतरी म्हणजे?” “शुक्रवारी संध्याकाळी दिसलं. कन्फर्म व्हायचंय.” “म्हणजे तुला माहीत नाही,” तो म्हणाला, वाईट आवाजात नाही, चांगल्याच आवाजात. “तू थोडं सांभाळून घ्यायला हवं होतंस, सू. बाजूला बोलावून सांगायचंस.” बाजूला बोलावून सांगितलेलं कोण ऐकतं, हे मला आमच्या प्रयोगशाळेइतकं कुणी शिकवलं नसेल.

ती रॅपिड टेस्ट आली त्या दिवशी कंपनीचा विक्रेता डोनट घेऊन आला होता. पूर्वी आम्ही कोळंबीचा नमुना पोषक रसात घालून उबेला ठेवायचो, मग जंतू वाढतील अशा जेलीच्या प्लेटवर पसरायचो, मग वाट बघायची. नक्की उत्तर यायला जवळजवळ आठवडा. तेवढ्यात माल दुकानातून लोकांच्या पोटात गेलेला असायचा. ही नवी पट्टी म्हणजे बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्याला छोटी खिडकी. उबवलेल्या रसाचे थेंब टाकायचे. एक रेघ उमटली तर माल स्वच्छ, दोन उमटल्या तर जंतू. विक्रेता म्हणाला, “अगदी प्रेग्नन्सी टेस्टसारखं!” आणि सगळे हसले. मीही हसले. घरी बाथरूमच्या कपाटात तसल्या पट्ट्यांची चळत होती आणि त्यांच्यावर नेहमी एकच रेघ यायची. ती एक रेघ तरी किती खरी, म्हणून मी सकाळच्या उजेडात, बल्बच्या उजेडात, तिरपी धरून बघायची. हे त्या हसणाऱ्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. पट्टीशी माझं भांडण नव्हतंच. पट्टी चांगली होती, तिच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं की रस पूर्ण दोन दिवस उबेला ठेवा. कारण मिठाच्या पाण्यातून आणि गारठ्यातून आलेला जंतू मेलेला नसतो, अर्धमेला असतो. त्याला सावरायला वेळ लागतो, सावरला की मग वाढतो, वाढला की मगच पट्टीला दिसतो. आमच्या ग्रॅहमने दोन दिवसांची एक रात्र केली. ग्रॅहम म्हणजे क्वालिटीचा मॅनेजर, लॉरी दुपारी सुटते हे एवढंच त्याचं जीवशास्त्र. “दे डाय ऑर दे डोन्ट, सू,” असं तो मला म्हणाला होता, माझं पूर्ण नाव त्याच्या जिभेला कधी पेललंच नाही.

आणि ह्याहून चीड आणणारी गोष्ट निराळीच होती. क्वचित कधी दोन रेघा यायच्या. त्या आल्या की ग्रॅहम स्वतः माझ्या टेबलापाशी यायचा, पट्टी उलटसुलट करून बघायचा आणि म्हणायचा, “रन इट अगेन.” हात धुतले होतेस का, थेंब जास्त पडले का, किट कुठल्या बॉक्समधली, खोलीचं तापमान काय. पुन्हा केली आणि एक रेघ आली की पहिली पट्टी कचऱ्यात आणि माल लॉरीत. पण एक रेघ आली तर कधी कुणी म्हणालं नाही, की पुन्हा करून बघ. ‘नाही’ हे उत्तर आलं की ते लगेच खरं. ‘आहे’ म्हणणाऱ्याने मात्र शपथा घ्यायच्या, साक्षी काढायच्या आणि वर थोडी लाजही वाटून घ्यायची. हे मी एकदा मीटिंगमध्ये बोलले होते. दोन्ही बाजूंनी सारखीच शंका घ्या, एवढंच म्हणाले होते. तेव्हा मला सांगण्यात आलं की माझा ॲटिट्यूड निगेटिव्ह आहे. त्यानंतर मी प्रत्येक बॅचचा थोडा उरलेला रस बाजूला काढून पूर्ण दोन दिवस उबेला ठेवायला आणि मग जुन्या पद्धतीने प्लेटवर पसरायला लागले. चोरून नाही. इनक्युबेटरच्या खालच्या कप्प्यात, माझ्या नावाचं लेबल लावून, सगळ्यांना दिसेल असं. शुक्रवारी संध्याकाळी त्या मंगळवारच्या बॅचची प्लेट हातात घेतली तर तिच्यावर करडे, बारीक ठिपके होते आणि प्रत्येकाभोवती काळं वलय. ती तशीच घेऊन मी ग्रॅहमकडे गेले. ग्रॅहम कोट घालून निघाला होता. “प्रिझम्प्टिव्ह,” तो म्हणाला. म्हणजे नुसता संशय. “असे ठिपके लिस्टेरियाच्या निरुपद्रवी भावंडांचेही येतात, हे तूच मला शिकवलंस ना? कन्फर्म कर. मंडेला बघू.” आणि ते खरंच होतं, मीच शिकवलं होतं.

सोमवारी खालचा कप्पा रिकामा होता. नुसता रिकामा नाही, पुसलेला. स्पिरिटचा वास येत होता. प्लेटा शनिवारीच ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या, वाफेत शिजून कचऱ्यात. “आपल्या लेखी पद्धतीत नसलेली कुठलीही टेस्ट लॅबमध्ये ठेवता येत नाही,” ग्रॅहम शांतपणे म्हणाला. “ऑडिटर आला तर काय सांगायचं? बॅच पास आहे, सू. मूव्ह ऑन.” मी फ्रिजमधला राखीव नमुना मागितला, तोही नव्हता. माझा आवाज चढला. मला माहीत होतं की आवाज चढला की मी हरले. तरी चढला. काचेपलीकडून पॅकिंगच्या मुली बघायला लागल्या. दुपारी गाडीत बसून कौन्सिलला फोन लावला. अन्नखात्याचा अधिकारी फार सज्जनपणे बोलला. “तुमच्याकडे रिझल्ट आहे का?” आहे. “काय आहे?” निगेटिव्ह. “आणि त्या दुसऱ्या प्लेटा?” नाहीत. एखादं पाकीट? तेही नाही, त्यांची तारीख उलटत आली होती आणि एव्हाना ती कुणाकुणाच्या सॅलडमध्ये संपलीही असतील. त्याने विचारलं, “इज एव्हरीथिंग ऑल राइट ॲट वर्क?” फोन ठेवून मी स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. एखादी गोष्ट खरी असणं आणि ती दाखवता येणं ह्यांत एवढं अंतर असतं हे मला प्रयोगशाळेत राबूनही तोवर कळलं नव्हतं, आणि कळल्यावर शहाणपण वगैरे काही आलं नाही, फक्त राग आला. संध्याकाळी जयंतला फोन केला. म्हटलं, वैभवीच्या मिडवाइफला एवढं कळवून ठेव. “वहिनी, मी ऑलरेडी कंपनीच्या कस्टमर लाइनला फोन केला होता,” तो म्हणाला. “त्यांनी बॅच नंबर चेक केला. क्लिअर आहे. आणि वैभवीनं खाल्लीच कुठे? तुम्ही खाऊ दिलीत कुठे?” माझ्या शब्दाची खातरी त्याने ग्रॅहमकडून करून घेतली होती. त्यानंतर बोलणं बंद झालं. सासूबाई फोनवर माधवशीच बोलायच्या, आणि माधव दुसऱ्या खोलीत जाऊन बोलायचा.

त्या दिवसांत मी रोज कामावर जात होते, पट्ट्यांवर थेंब टाकत होते, एकेक रेघ बघून सही करत होते. नोकरी सोडायची म्हटलं तर व्हिसा माझ्या नोकरीवर नव्हता, तेवढी अडचणही नव्हती. पण मी गेले तर माझ्या जागी जी कुणी येईल ती पट्टीला देव मानेल, असं वाटायचं. हा माझा अहंकारही असेल. बसमध्ये पोट पुढे आलेली एखादी बाई सँडविच खाताना दिसली की मी त्या सँडविचमध्ये काय आहे ते बघायची. एकदा तर उठून दुसऱ्या सीटवर बसले. कधी वाटायचं, ते ठिपके खरंच निरुपद्रवी असतील, आणि मी सासूबाई समजतात तशीच असेन. ज्या मुलीच्या दंडावर फुलं होती तिच्या हातातलं खाणं मी ओढलं, आणि त्यासाठी माझ्याजवळ शास्त्रातलं कारण तयार होतं, एवढंच. हा विचार आला की त्याचाही राग यायचा. कारण त्या ठिपक्यांचं काय ते मला नक्की कळलं असतं. पाचव्या दिवशी कळलं असतं. ते कळण्याचा माझा हक्क कुणीतरी वाफेत शिजवून टाकला होता.

तिसऱ्या आठवड्यात, मी जेवणाचा डबा उघडत होते तेव्हा वैभवीचा फोन आला. आवाज घुमत होता, बाथरूममधून बोलत असावी. “ताई, कुणाला सांगू नका मी फोन केला. मला ताप आहे. पाठ फार दुखतेय, अंग मोडून आलंय. मिडवाइफ म्हणते फ्लू फिरतोय.” मी विचारलं, बाळ हलतंय ना? ती म्हणाली, “कालपासून कमी.” मी उभी राहिले. “आणि ताई, त्या दिवशी तुम्ही वाटी घेतलीत ना, त्याच्याआधी... मी किचनमध्ये उभ्याउभ्याच खाल्ली होती. भांड्यातूनच. मला राहवलंच नाही. सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली, आणि मग तुम्हांला सगळे इतकं बोलत होते, तेव्हा तर अजूनच.” ती रडायला लागली. मी तिला रागावू शकले नाही. सगळ्या जगाचा राग येत असतानाही तिचा तेवढा आला नाही. म्हणाले, “जयंतला बोलाव आणि हॉस्पिटलला नीघ. मी येते.”

कार्डिफहून ब्रिस्टलच्या ट्रेनमध्ये मी वाक्य तयार करत होते. डॉक्टरांना काय सांगायचं ते. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली, पण रस अपुरा उबवला होता, म्हणून त्या निगेटिव्हला अर्थ नाही. कल्चरवर, म्हणजे प्लेटवर, संशयास्पद वाढ होती, पण ती कन्फर्म करता आली नाही. त्यामुळे धोका आहे असं मला वाटतं, पण पुरावा नाही. एकेक शब्द खरा होता. पुण्याला शिकत असताना प्रयोगशाळेत हेच तर घोटवून घेतलं होतं, की दिसलं तेवढंच बोला, त्याच्यापुढे एक पाऊल टाकू नका. सेव्हर्नच्या खालच्या बोगद्यात कानाला दडा बसला आणि मी ते वाक्य पुन्हा मनात म्हटलं, तर त्यात तीन ‘पण’ निघाले. एकही काढता येईना.

मॅटर्निटीच्या कक्षात वैभवी कुशीवर झोपली होती, गाल लाल, ओठ सुकलेले. पोटाला पट्टे बांधलेले आणि मशीनमधून बाळाच्या ठोक्यांचा आवाज, फार भरभर. जयंत मला बघून उठला. सासूबाई कोपऱ्यात डोळे मिटून बसल्या होत्या. ड्यूटीवरचा डॉक्टर, रजिस्ट्रार, तरुण होता, डोळ्यांखाली काळं झालेलं, वागायला मवाळ. त्याने फ्लूचं निदान जवळजवळ केलंच होतं. मी माझी ओळख सांगितली, मायक्रोबायॉलॉजिस्ट, कोळंबीचा कारखाना, आणि माझं वाक्य सुरू केलं. “रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली, पण—” इथवर आले आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला दिसला. “ओके. म्हणजे ते टेस्ट झालं होतं, आणि निगेटिव्ह होतं.” “हो, पण रस पुरेसा—” “दॅट्स रिअली हेल्पफुल, थँक यू.” “कल्चरवर वाढ होती, फक्त ती—” “बट नॉट कन्फर्म्ड?” जयंत म्हणाला, “आय रँग द कंपनी, डॉक्टर. दे सेड इट वॉज क्लिअर.” डॉक्टर वैभवीकडे वळला. पॅरासिटॅमॉल, भरपूर पाणी, ताप वाढला तर परत या. तो खरंच काही वाईट माणूस नव्हता. त्याला एक ‘नाही’ मिळालं होतं, आणि ते मीच त्याच्या हातात दिलं होतं. मशीनवर ठोके तसेच धावत होते. वैभवी माझ्याकडे बघत होती.

“कल्चर पॉझिटिव्ह आलं होतं,” मी म्हणाले.

तो थांबला. “सॉरी?”

“कन्फर्म्ड. लिस्टेरिया मोनोसायटोजिनस. मी स्वतः कन्फर्म केलं. तिने ती कोळंबी खाल्ली आहे, भरपूर.”

किती सोपं होतं ते. आवाजही चढला नाही. त्याने विचारलं नाही की प्लेट कुठे आहे, कुणी सही केली, तुम्हांला नक्की माहीत आहे का. त्याने फक्त वैभवीला विचारलं, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, आणि उत्तर मिळायच्या आत फोन उचलला. नर्स धावत आली, दुसरी तिच्या मागून. रक्त काढलं, सुई लावली, बाटली टांगली. “रक्ताचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागतील,” तो मला म्हणाला, आता बरोबरीच्या नात्याने, “पण आपण थांबणार नाही.” सासूबाईंनी डोळे उघडले होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या, कसल्या नजरेने ते मला बघायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी न झालेल्या टेस्टचा निकाल सांगितला होता. मला वाटलं होतं लाज वाटेल, ती काही केल्या वाटेना. खरं बोलत होते तेव्हा ह्याच माणसांनी मला दारात उभं केलं नव्हतं, आणि एका खोट्यावर अख्खी खोली हलली होती. नळीतून औषध वैभवीच्या हातात जायला लागलं. तिने डोळे मिटून माझं बोट धरलं.

जयंत पलंगाच्या पलीकडे उभा होता, पांढरा पडलेला. “वहिनी,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क राग होता, “पॉझिटिव्ह होतं, तर तुम्ही आधी का नाही सांगितलंत आम्हांला?”

मी त्याच्याकडे बघितलं. वैभवीने माझं बोट घट्ट धरलं होतं, नाहीतर मी त्याच्या थोबाडीत दिली असती.